परमुलखांतलें दुखणें आणि जुन्नरची वाट



आपल्याच गांवांत एखाद्याचा पाय मोडला, तर त्याला स्वतःला फारसें कांहीं करावें लागत नाहीं. तो ओरडतो, शेजारी धांवत येतात, कोणी खाट आणतो, कोणी गाडी काढतो, कोणी मुलाला निरोप धाडतो, आणि घरची म्हातारी कुलस्वामीला नवस बोलून मोकळी होते. दुखण्याचा निम्मा भार असा न मागतां दुसऱ्यांच्या खांद्यांवर जातो. परंतु हाच पाय परक्या मुलखांत मोडला म्हणजे गोष्ट पालटते. तेथें ओरडलेलें कोणास समजत नाहीं, खिशांतलें नाणें चालेल कीं नाहीं याचा भरंवसा नसतो, आणि ज्याच्या हातीं आपला देह सोंपवावयाचा तो मनुष्य खरा वैद्य आहे कीं भोंदू, हें सांगणारा ओळखीचा कोणी जवळ नसतो. लढाया आणि तह यांचा इतिहास मीं वर्गांत पुष्कळ वर्षें शिकविला. पण त्याच इतिहासाच्या समासांत ही दुसरी हकीकत बारीक अक्षरांत लिहिलेली आढळते, आणि तिचीं कांहीं पानें आपल्या जुन्नर-आंबेगांवच्या डोंगरांत पडलेलीं आहेत. तीं आज आपल्यापुढें उलगडण्याचा विचार आहे.

जुन्नर हें मुळापासूनच वाटसरूंचें शहर. कल्याण-सोपाऱ्यास उतरलेला माल नाणेघाटानें वर चढे आणि येथून पैठणाकडे जाई. घाटमाथ्यावरचा मोठा दगडी रांजण व नागनिका राणीचा लेख कोरलेली गुहा आपल्यापैकीं पुष्कळांनीं सहलीस जाऊन पाहिली असेल. पण शिवनेरीच्या आणि मानमोडीच्या डोंगरांतील लेण्यांत जे लहान लहान लेख आहेत ते थांबून वाचणारा विरळा. त्यांत तिघां यवनांचीं नांवें आहेत. इरिल नांवाच्या यवनानें पाण्याचीं दोन टांकीं दान दिलीं. चिट नांवाच्यानें संघासाठीं भोजनमंडप करविला. चंद नांवाच्या तिसऱ्यानें एका लेण्याचा दर्शनी भाग आपल्या खर्चानें घडविला. समुद्रापलीकडून आलेले, किंवा तसें आलेल्यांच्या वंशांतले, हे लोक येथें माल विकून नुसते परतले नाहींत. दमून घाट चढून येणाऱ्यास पाणी व अन्न मिळावें अशी तजवीज त्यांनीं करून ठेविली. उन्हानें घेरी आलेल्या वाटसरूस प्रथम हवें असतें तें हेंच. काढा व लेप मागाहून.

अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखांत तर याहून मोठी गोष्ट आहे. मनुष्यांची आणि जनावरांची अशी दोन प्रकारची चिकित्सा आपण आपल्या राज्यांतच नव्हे, तर चोल, पांड्य आणि यवनराजा अंतियोक यांच्या मुलखांतही सुरू केली. औषधी वनस्पती जेथें नव्हत्या तेथें त्या नेऊन लावविल्या. वाटांवर विहिरी खणविल्या, असें तो राजा सांगतो. त्याच्या लेखमालेचे दोन तुकडे सोपाऱ्यास सांपडले आहेत, म्हणजे आपल्या घाटाच्या खालच्याच मुलखांत. राजाच्या बोलण्यांतला शोभेचा भाग वजा घातला तरी, सरहद्दीपलीकडचा रोगी हाही आपल्या चिंतेचा विषय आहे ही कल्पना सव्वादोन हजार वर्षांपूर्वीं दगडावर कोरली गेली, एवढें खरें.

यानंतर मोठी उडी घेऊन पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धांत यावें लागतें. रशियांतील त्वेर शहरचा अफनासी निकितिन नांवाचा व्यापारी, विकण्यासाठीं एक घोडा बरोबर घेऊन, चौल बंदरांत उतरला आणि कोंकणांतून घाट चढून जुन्नरास आला. त्यानें पावसाळा येथेंच काढला. त्या घोड्यापायीं शंभर रूबल खर्च झाला, असें तो लिहितो. परदेशी वाटसरू ज्या घरीं उतरतात तेथील स्त्रिया त्यांस रांधून वाढतात, हेंही त्यानें टिपून ठेविलें आहे. त्या काळीं बहामनी अंमल होता आणि जुन्नरचा कारभार असदखानाकडे होता. निकितिन मुसलमान नाहीं असें समजतांच खानानें घोडा अडकवून ठेविला आणि त्यास सांगितलें कीं, आमचा धर्म स्वीकारशील तर घोडा परत देईन व वर हजार सोन्याचीं नाणीं देईन. न स्वीकारशील तर घोडाही गेला आणि हजार नाणीं दंडही तुझ्याकडूनच घेईन. मुदत दिली चार दिवसांची. त्या मुदतींत खुरासानचा एक महंमद नांवाचा मोठा गृहस्थ गांवांत आला. निकितिननें त्याचे पाय धरले. त्यानें खानाकडे रदबदली करून माणूसही सोडविला आणि घोडाही. ही हकीकत दुखण्याची नव्हे, हें मला कबूल आहे. परंतु परका माणूस अडचणींत सांपडला म्हणजे त्याचें सारें नशीब कसें एका मध्यस्थावर येऊन ठेपतें, याचें याहून चांगलें उदाहरण आपल्या तालुक्यांत दुसरें नाहीं. तो मध्यस्थ पुढें डॉक्टरच्या खोलींतही लागतो. निकितिन मायदेशीं पोंचलाच नाहीं; स्मोलेन्स्कच्या अलीकडे वाटेंतच तो मरण पावला.

आतां ज्या प्रसंगासाठीं मी मुख्यतः बोलावयास बसलों आहें त्याकडे वळतों. साल १६७५. आदल्याच वर्षीं, १६७४ च्या जूनमध्यें, रायगडावर राज्याभिषेक झाला होता. खालचें कल्याण स्वराज्यांत, वरचें जुन्नर मोगलांकडे, आणि मधें सह्याद्रीची भिंत. अशा वेळीं जुन्नरचा मोगल सुभेदार नबाब मुख्लिसखान यानें मुंबईच्या इंग्रजांकडे एक मागणें केलें: आमच्या जनान्यांत दुखणें आहे, तुमचा वैद्य पाठवा. त्या वेळीं मुंबईस जेरल्ड आँजिअर हा गव्हर्नर होता. त्यानें कंपनीचा तरुण शस्त्रवैद्य डॉक्टर जॉन फ्रायर यास रवाना केलें. फ्रायरनें १६७१ सालीं केंब्रिजची वैद्यकाची पदवी घेतली होती. त्यानें आपल्या प्रवासाचें वर्णन पुढें १६९८ सालीं पुस्तकरूपानें छापलें, म्हणून ही हकीकत आपणांस तपशिलानें कळते.

श्रोतेहो, या प्रवासांतली विलक्षण गोष्ट ध्यानांत घ्या. दोन सत्ता एकमेकींशीं झुंजत आहेत. एकीच्या मुलखांतून निघून दुसरीच्या मुलखांत शिरावयाचें आहे. व्यापाऱ्याची गोण जेथें दहादां उघडली गेली असती, तेथून हा परका माणूस पालखी आणि भोई घेऊन वर जातो, कारण त्याच्या पेटींत औषधें आहेत. मुरबाडावरून तो गेला. वाटेवरच्या गांवांची दैना त्याच्या नजरेंतून सुटली नाहीं. युद्धाच्या वाटेवर ज्यांचीं शेतें पडतात त्यांच्या पदरीं काय राहतें तें त्यानें कोणताही आडपडदा न ठेवतां लिहिलें आहे. घाट तर त्याला असा लागला कीं, चढतां चढतां त्याच्या भोयांची आणि त्याची स्वतःची पुरेवाट झाली. त्या कड्यावर भोयाचा पाय निसटून पालखी खालीं गेली असती, तर नबाबाच्या जनान्यासाठीं निघालेल्या वैद्यालाच वैद्य शोधीत बसावें लागलें असतें.

जुन्नरास पोंचल्यावर लगेच रोगी पाहावयास मिळाला असें नाहीं. आधीं नबाबाची भेट, मग शुभ दिवसाची वाट. शेवटीं त्याला जनान्यांत नेलें. समोर पडदे सोडलेला पलंग. पडद्याखालून एक हात बाहेर आला आणि नाडी पाहा म्हणून त्याला सांगण्यांत आलें. फ्रायरनें नाडी पाहिली आणि म्हणाला, हिला कांहीं झालेलें नाहीं, ही चांगली धडधाकट आहे. तेव्हां आंत कुजबुज झाली. तो हात रोगिणीचा नव्हताच. परीक्षा पाहण्यासाठीं एका निरोगी दासीचा हात पुढें केला होता. त्यानंतर खरा हात आला. त्याची नाडी क्षीण लागली. आणि मग उपचारास आरंभ झाला.

ही गोष्ट सांगितली कीं वर्गांत मुलें हंसत. मला मात्र त्या परीक्षेंत गैर कांहीं वाटत नाहीं. घरच्या माणसाचा जीव परक्याच्या स्वाधीन करावयाचा, त्याच्या पदवीचा कागद आपणांस वाचतां येत नाहीं, त्याच्या गुरूचें नांव कधीं ऐकलेलें नाहीं, मग त्याचें ज्ञान ताडून पाहण्याचा दुसरा मार्ग तरी कोणता? आज परदेशीं पडलेला मनुष्य डॉक्टरच्या भिंतीवरचीं प्रमाणपत्रें टक लावून पाहतो, तोही याच दासीचा हात पुढें करीत असतो. फ्रायरची परीक्षा त्याच्या नाडीज्ञानानें उतरली, हें त्याचें भाग्य. त्याच्या औषधोपचाराविषयीं मात्र मी इतकें आदरानें बोलणार नाहीं. शीर तोडून रक्त काढणें हा त्या काळच्या विलायती वैद्यकाचा हुकमी उपाय होता, आणि अशक्त रोग्यास त्यानें लाभापेक्षां हानीच अधिक होई, हें आज सर्वमान्य आहे. दुसऱ्या दिवशीं जनान्यांतल्या आणखी एका स्त्रीचें रक्त काढावयाचें ठरलें. या वेळीं पडद्यांतल्या भोंकांतून हात बाहेर काढला होता. मधेंच पडदा खालीं कोसळला आणि आंतल्या सगळ्या स्त्रिया एकदम उघड्यावर आल्या. त्यांनीं बोटांचा पडदा करून तोंडें झांकलीं खरीं, पण बोटांच्या फटींतून त्या या विलायती प्राण्याकडे पाहत राहिल्या, असें तो मिस्किलपणानें नमूद करतो. आणि त्याच वेळीं त्याच्या हातीं जिचा हात होता ती बाई सर्वांत शांत राहिली. तिनेंच पडदा पुन्हां लावविला.

फ्रायर शिवनेरीवरही जाऊन आला. हा शिवाजीराजांचा जन्म झालेला किल्ला, हें त्याला ठाऊक होतें व त्यानें तें लिहिलें आहे. वेढा पडल्यास हजार कुटुंबांस सात वर्षें पुरेल एवढें धान्य गडावर सांठविलें होतें, असें तो सांगतो. तो किल्ला राजांच्या हयातींत स्वराज्यांत परत आला नाहीं. परततांना फ्रायर नाणेघाटानें उतरला. ती वाट त्याला पहिलीपेक्षां पुष्कळच सुसह्य वाटली, आणि वाटेंत मीठ लादलेल्या बैलांचा तांडा वर येत होता म्हणून त्याला खोळंबून राहावें लागलें. ज्यांनीं सुटीच्या दिवशीं आजचा नाणेघाट पाहिला आहे, त्यांना हें दृश्य डोळ्यांपुढें आणणें जड जाऊं नये. बैलांच्या जागीं मोटारी घालाव्या म्हणजे झालें.

पण पालखी खरोखरच निसटली असती तर? त्या काळीं हाड बसविण्याचें ज्ञान या डोंगरांत नव्हतें असें समजूं नये. सुश्रुतसंहितेंत भग्नचिकित्सेचा स्वतंत्र अध्याय आहे. मोडलेलें हाड ओढून, दाबून, जुळवून, वर वस्त्र गुंडाळून पट्ट्या बांधाव्या, आणि त्या पट्ट्यांसाठीं वड, पिंपळ, उंबर, पळस, अर्जुन यांच्या साली किंवा वेळूच्या चिपा वापराव्या, असें त्यांत सांगितलें आहे. पुस्तकांतला हा अध्याय कधीं न वाचलेले हाडवैद्य तालमींतून आणि धनगरवाड्यांतून अगदीं आपल्या आठवणींपर्यंत तेंच करीत आले. एकदां शाळेची सहल घाटमाथ्यावर नेली असतां एक मुलगा खडकावरून घसरला व त्याच्या मनगटाचें हाड मोडलें. जवळच्या पाड्यावरचा एक वृद्ध महादेव कोळी आला. त्यानें मुलाशीं घरच्या गुरांच्या गोष्टी काढल्या, कोयत्यानें वेळूच्या दोन चिपा तासल्या, फेट्याची पट्टी फाडली आणि हात असा बांधला कीं, पुढें रुग्णालयांत क्ष-किरणाचें चित्र काढीपर्यंत हाड तसूभरही हललें नाहीं. पैसे दिले तर घेईना. मात्र हेंही सांगितलें पाहिजे कीं, हाडानें कातडी फोडली असेल, किंवा मार डोक्यास व पोटांत असेल, तेथें ही विद्या थिटी पडते, आणि अशा वेळीं हाडवैद्याच्या अंगणांत घालविलेला एक एक तास रोग्याला महाग पडतो.

फ्रायरच्या त्या पडद्याकडे क्षणभर पुन्हां वळतों. ज्या कल्याणावरून तो जुन्नराकडे निघाला, त्याच कल्याणच्या जोशी घराण्यांतली एक मुलगी, दोनशें आठ वर्षांनीं, १८८३ सालीं, वैद्यक शिकण्यास एकटी अमेरिकेस गेली. आनंदीबाई जोशी यांनीं निघण्यापूर्वीं श्रीरामपूरच्या सभेंत केलेल्या भाषणांत आपल्या जाण्याचें कारण सांगितलें होतें: हिंदु स्त्रियांस स्त्रीवैद्याची फार गरज आहे. पडद्यांतून हात बाहेर काढून नाडी दाखविणें हा तोडगा शतकानुशतकें चालला. पण पोटांतलें दुखणें नाडीवरून कितीसें कळणार? आनंदीबाईंना १८८६ सालीं पदवी मिळाली, परंतु परदेशच्या हवेंत त्यांची प्रकृति ढांसळली, आणि मायदेशीं परतल्यावर थोड्याच महिन्यांत, १८८७ च्या फेब्रुवारींत, पुण्यास त्यांचा अंत झाला. परमुलखांतल्या दुखण्याच्या या हकीकतींत त्या रोगीही आहेत आणि वैद्यही.

जुन्नर तालुक्यांतील हिवरें येथील बागेचाही येथें उल्लेख केला पाहिजे. डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन हा स्कॉच शस्त्रवैद्य एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत या भागांत वावरला. १८३८ पासून दापुडीच्या वनस्पतिबागेचा तो अधिकारी होता आणि पुढें मुंबई इलाख्याच्या जंगलखात्याचा प्रमुख झाला. हिवऱ्याच्या बागेंत त्यानें औषधी वनस्पती लाविल्या आणि तेथून सरकारी औषधभांडारास माल जाऊं लागला. अशोकाच्या लेखांतल्या, नेऊन लावलेल्या वनस्पतींची येथें आठवण होते. फरक एवढाच कीं या वेळीं लावणाराच परका होता.

आतां आपला माणूस तिकडे गेला असतां काय झालें तें पाहूं. १८९७ चा मार्च महिना. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यास नेमलेल्या वेल्बी कमिशनपुढें साक्ष देण्यासाठीं पुण्याच्या डेक्कन सभेतर्फें प्राध्यापक गोपाळ कृष्ण गोखले विलायतेस निघाले. वय अवघें तीस. विलायतेचा हा पहिलाच प्रवास. सोबतीस मुंबईचे दिनशा वाच्छा होते. फ्रान्सच्या किनाऱ्यावर काले म्हणून बंदर आहे. तेथून खाडी ओलांडली कीं इंग्लंड. त्या कालेच्या स्टेशनांत गोखल्यांना अपघात झाला व त्यांच्या छातीस जबर मार बसला.

त्यांनीं काय केलें? कांहीं केलें नाहीं. कोणास बोललेही नाहींत. सोबत्याला त्रास नको, परक्या घरीं गडबड नको, आलों आहों तें काम करण्यास, दुखणें कुरवाळण्यास नव्हे, असा विचार त्यांच्या मनांत असावा. खाडी ओलांडली, लंडन गांठलें, दादाभाई नौरोजींच्या आश्रयास गेले, आणि छातींतली कळ दांत आवळून सोशीत राहिले. असे कांहीं दिवस गेले. शेवटीं कळ असह्य झाली तेव्हां वाच्छांना कळलें, आणि डॉक्टर आला. हृदयाजवळ इजा पोंचली होती. आणखी उशीर झाला असता तर प्राणावरच बेतलें असतें, असें डॉक्टरनें सांगितलें. मग सक्त विश्रांति. अंथरुणावरून हलावयाचें नाहीं.

चरित्रें वाचतांना अशा जागीं आपण सहनशीलतेची वाखाणणी करून पुढें जातों. मी तसें करणार नाहीं. मराठी मध्यमवर्गीय मनुष्याचा हा एक जन्मजात दोष आहे. पाहुण्याच्या घरीं तो तिसरी पोळी मागत नाहीं आणि छातीवर मार बसला तरी पाणी मागत नाहीं. घरीं असतां आईनें चेहऱ्यावरून ओळखलें असतें. परमुलखांत चेहरा वाचणारें कोणी नसतें, तेथें तोंडानेंच सांगावें लागतें. नबाबाच्या जनान्यांत पडद्यानें रोग झांकला होता. गोखल्यांचा पडदा त्यांचा स्वतःचा संकोच होता.

त्या आजारांत त्यांची शुश्रूषा मिसेस काँग्रीव्ह नांवाच्या एका इंग्रज बाईंनीं केली. नात्याची नव्हे, जातीची नव्हे, देशाची नव्हे. त्यांनीं या लाजाळू तरुणाची आईसारखी काळजी घेतली, त्याला धीर दिला, आणि बरा झाल्यावर त्या अनोळखी समाजांत कसें वागावें बोलावें तेंही आपुलकीनें शिकविलें. एप्रिलच्या १२ व १३ तारखांस गोखले कमिशनपुढें उभे राहिले आणि त्यांची साक्ष इतकी तयारीची झाली कीं, प्रतिपक्षासही तिची दखल घ्यावी लागली. आंकडे तोंडपाठ, उलटतपासणींत पाय मागें नाहीं. समोर बसलेल्यांना या माणसाच्या छातीची हकीकत ठाऊक असण्याचें कारण नव्हतें.

आणि त्याच महिन्यांत इकडे पुण्यांत काय चाललें होतें? प्लेगचा कहर. रँडसाहेबाच्या हुकमानें गोरे सोल्जर घराघरांत शिरून रोगी शोधीत होते. सामानसुमान बाहेर फेंकलें जात होतें. बायकांची तपासणी परक्या पुरुषांच्या डोळ्यांदेखत होई अशा तक्रारी होत्या. गोखल्यांना पुण्याहून गेलेल्या पत्रांतून या गोष्टी कळल्या व त्यांनीं त्या विलायतच्या वर्तमानपत्रांत प्रसिद्ध केल्या; पुढें पुरावा उभा करतां आला नाहीं म्हणून परत येतांच त्यांना माफी मागावी लागली, आणि त्याचें शल्य त्यांना बरेच दिवस बोंचलें. २२ जूनच्या रात्रीं रँडवर गोळी झाडली गेली. मी येथें त्या सगळ्या प्रकरणांत शिरत नाहीं. परंतु एकाच वसंत ऋतूंत एक पुणेकर लंडनमध्यें परक्या बाईच्या हातचें औषध विश्वासानें घेत होता, आणि पुण्यांतले लोक परक्यांच्या हातच्या उपचारापासून रोगी लपवीत होते. औषधविद्या दोन्हीकडे एकाच देशाची. लंडनमध्यें ती बिछान्याशेजारीं बसली होती. पुण्यांत ती बंदूक घेऊन उंबरठा ओलांडून आली. मुख्लिसखानाला फ्रायरची परीक्षा घेण्याची मुभा होती, कारण बोलावणारा तो होता. १८९७ च्या पुणेकराला ती मुभा कोणी दिली नव्हती.

कालेच्या त्या आघातानें गोखल्यांचें हृदय कायमचें दुबळें झालें असें त्यांच्या चरित्रकारांचें मत आहे. पुढें ते पुष्कळदां विलायतेस गेले, १९१२ सालीं दक्षिण आफ्रिकेसही जाऊन आले. प्रकृति कुरकुरत असे आणि ते काम ओढीत असत. १९ फेब्रुवारी १९१५ रोजीं, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं, पुण्यास त्यांचें देहावसान झालें.

सांप्रतच्या स्थितीविषयीं थोडें सांगून पुरें करतों. २०१८ सालीं सरकारनें जुन्नर हा पर्यटन तालुका म्हणून जाहीर केला. शिवनेरी, लेण्याद्रि, ओझर, नाणेघाट, माळशेज, आणि खोडदजवळचा रेडिओ-दुर्बिणींचा समूह, यांसाठीं दूरदूरचे व परदेशचेही लोक येतात. आंबेगांवांतून, घोडेगांवच्या रस्त्यानें, भीमाशंकराकडे जाणाऱ्यांची रीघ तर बारमाही. पावसाळ्यांत शेवाळलेल्या पायऱ्यांवरून घसरणारे, कड्याच्या टोंकाशीं छायाचित्रासाठीं उभे राहणारे, लेण्यांतल्या आग्यामोहळांना धुरानें किंवा अत्तरानें डिंवचणारे असे जखमी नेहमीं निघतात. मधमाशांचा घोळका अंगावर आला असतां हात झाडीत उभें न राहतां तोंड झांकून दूर पळावें, आणि श्वास कोंडूं लागला तर घरगुती लेपांत वेळ न दवडतां इस्पितळ गांठावें, हें प्रत्येक वाटाड्यास पाठ पाहिजे.

कायदा आज जखमी परक्याच्या बाजूनें आहे, ही समाधानाची गोष्ट. १९८९ सालीं परमानंद कटारा यांच्या दाव्यांत सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, सरकारी असो वा खाजगी, कोणत्याही डॉक्टरनें जखमीचा प्राण वांचविण्याचे उपचार आधीं करावे. पोलिसांची कागदपत्रें मागाहून. जखमीस रुग्णालयांत पोंचविणाऱ्यास साक्षीच्या व चौकशीच्या फेऱ्यांत गुंतवूं नये, असें संरक्षण २०१९ च्या मोटार-वाहन कायद्याच्या दुरुस्तीनें दिलें. २०१४ पासून महाराष्ट्रांत १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका फुकट मिळते. २०२५ मध्यें केंद्र सरकारनें, रस्त्यावरील अपघातांत सांपडलेल्या माणसास पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार पैसे न भरतां मिळावा, अशी योजना लागू केली. कड्यावरून पडलेल्यास मात्र ती लागू नाहीं. ती रस्त्यापुरती आहे. परदेशी पाहुण्याच्या खिशांत बहुधा विम्याचा कागद असतो, परंतु विमाकंपनी रुग्णालयाचे दाखले, मूळ पावत्या आणि कित्येकदां पोलीस-नोंदीची नक्कल मागते. जखमीच्या सोबत्यानें त्या गडबडींत एवढें भान ठेविलें तर पुढचे महिने वांचतात.

निकितिनच्या त्या खुरासानी महंमदाची जागा आज कोण घेतो? मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयांत किंवा नारायणगांवच्या दवाखान्यांत परदेशी जखमी आणला गेला कीं डॉक्टरांशीं इंग्रजींतून बोलतां येतें. पण तो मनुष्य फ्रेंच किंवा जपानी असला आणि त्याला एखादें औषध सोसत नसलें, तर तें सांगणार कोण? म्हणून परगांवीं निघतांना आपलें नांव, रक्ताचा गट, चालू औषधें, न सोसणारीं औषधें आणि घरचा दूरध्वनि-क्रमांक ज्या देशीं जावयाचें त्या देशाच्या भाषेंत एका कागदावर लिहून खिशांत ठेवावीं. आपलीं मुलें-सुना परदेशीं जातात, त्यांनाही हा कागद करून द्यावा. आणि वडील मंडळी भेटीस निघालीं तर त्यांच्या सदऱ्याच्या खिशांत तो टांके घालून बसवावा, कारण गोखल्यांचा संकोच अजून आपल्या घरांतून गेलेला नाहीं.

राहतां राहिली पश्चिमेकडची खोरीं. तिकडच्या कित्येक वाड्यावस्त्यांत अद्याप मोबाइलला रेंज मिळत नाहीं. रानांत कोणी पडलें तर १०८ लावण्यासाठीं आधीं एखाद्या धडधाकट पोरास जखमीजवळून उठून डोंगराच्या सोंडेवर चढावें लागतें, आणि रुग्णवाहिका डांबरी रस्त्यापर्यंत येते. तेथपर्यंत झोळी खांद्यावरूनच आणावयाची असते.